‘गहाळ’ शब्दाला हरकत

सायकल मंगळवारी दुपारी गेली. मीटरकाकांना ते बुधवारी सकाळी कळलं, आणि बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना तर जिन्याखाली सायकल होती हेच मुळी ती गेल्यावर कळलं.

पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून जिन्याखाली हातभर रुंदीची जागा होती. तिथे ती दहा महिने उभी होती. लेडीज सायकल, रंग निळा, पुढे वेताची टोपली, डाव्या मुठीवर चिकटपट्टी गुंडाळलेली. काकू गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. काका दर रविवारी तिला हवा भरत, फडक्याने पुसत आणि पुन्हा तिथेच उभी करत. चालवायची नाही तर हवा कशाला भरता, असं पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी एकदा विचारलं होतं. टायर कुजतो, असं काका म्हणाले होते. कारण खरं होतं, त्यामुळे बाईंना पुढे काही विचारता आलं नाही.

मीटरकाका हे नाव पाणी खात्यामुळे मिळालेलं. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले. मीटरची काच धुरकट असली किंवा झाकणावर कुत्रं बसलेलं असलं की त्यांचे सहकारी अंदाजाने आकडा टाकून मोकळे होत. काका ‘वाचता आले नाही’ असं लिहून पुढच्या घरी जात. वरिष्ठांना ते आवडत नसे आणि कुत्र्यांना त्याची कदर नसे, पण काकांनी सवय सोडली नाही.

तर बुधवारी पाणी चढलं नाही म्हणून ते पंप बघायला खाली आले आणि रिकाम्या जागेपुढे उभे राहिले. मग त्यांनी पंपाच्या खोलीत पाहिलं. मग गच्चीच्या जिन्यात. मग, हे त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलं.

याला पूर्वेतिहास होता. वस्तू हरवण्यात काकांचा हात धरणारा माणूस त्या भागात नव्हता. काकूंच्या मोजणीप्रमाणे लग्नानंतर अकरा छत्र्या, चष्म्याची घरं बेसुमार, आणि एक बूट. दोन बूट हरवणं समजू शकतं, पण एक बूट हरवून माणूस घरी पोचतो कसा, यावर काकूंनी माहेरी जाऊन सविस्तर चर्चा केली होती. एकदा तर काका हीच सायकल घेऊन बाजारात गेले आणि पिशवी सांभाळत चालत परत आले. काकूंनी दार उघडलं, पिशवी घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, “आता सायकल आणा.”

म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात पाहिलं. स्वतःवर भरवसा ठेवायला जागा नव्हती.

तासाभरात जिन्याखाली सभा भरली. शिंपीणबाई सुई-दोऱ्यासकट खाली आल्या. तळमजल्यावरचे नोटरी वकील लुंगीवर शर्ट चढवून आले. सेक्रेटरी आले ते मोबाइलवर बोलतच. प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. शिंपीणबाईंच्या मते भंगारवाल्यांकडे फिरावं. वकिलांच्या मते आधी लेखी काहीतरी द्यावं, कुणाला ते नंतर ठरवता येईल. सेक्रेटरींना एवढीच काळजी होती की पोलिसांना कळवलं तर सोसायटीचं नाव खराब होईल, आणि नुकताच इथला फ्लॅट विकायला निघालेल्या आपल्या भावाला मग काय सांगायचं.

“लक्ष ठेवायला हवं होतं, मीटरकाका,” ते म्हणाले.

दहा महिन्यांपूर्वी याच माणसाने याच पायरीवर उभं राहून हेच वाक्य म्हटलं होतं. तेव्हा विषय काकूंच्या तब्येतीचा होता. काकांनी तेव्हाही मान हलवली होती, आताही हलवली.

मग शिंपीणबाईंनी विचारलं की कुलूप होतं ना. “होतं,” काका म्हणाले. ते खरं होतं. कुलूप होतं, साखळीही होती. ती रविवारी जिन्याच्या गजाला घातली होती का, एवढंच काकांना आठवत नव्हतं. हवा भरल्याचं आठवत होतं, मुठी पुसल्याचं आठवत होतं, मग फोन आला होता. पुढे काळोख. आता साखळी आणि कुलूप दोन्ही नाहीशी झाली होती. लावलेलं असेल तर तोडून, लावलेलं नसेल तर टोपलीत बसून आरामात.

पोलीस चौकी बाजाराच्या टोकाला होती. बाहेर एक बाकडं, आत दोन टेबलं, आणि त्यातल्या एकावर कुणी कधी बसल्याचं चिन्ह नव्हतं. दुसऱ्यावर हवालदार होते. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, मानेला पट्टा लावलेले. पट्ट्यामुळे त्यांना मान वळवता येत नसे, म्हणून ते तक्रारदाराकडे पाहायचं तर खुर्चीसकट वळत. त्यामुळे फारसं पाहत नसत.

त्यांनी विचारलं, सायकल चालू होती का. काका म्हणाले, उभी होती. म्हणजे बंद? नाही, चालणारी होती, पण चालवत नव्हतो. हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मग चालवायचं कोण?

“बायको.”

“मग बाईंनाच पाठवा ना काका. त्यांची फिर्याद घेतो.”

“ती वारली.”

हवालदार खुर्चीसकट वळले, काकांकडे एकदा नीट पाहिलं, आणि बरं म्हणून पुन्हा सरळ झाले. नंतर त्यांनी आपुलकीने, म्हणजे खरोखरच आपुलकीने, एक छापील कागद ओढला, चार ओळी भरल्या, त्यावर शिक्का मारला आणि पुढे सरकवला. काम झालं होतं. तिथे येणारी माणसं असा कागद दोन्ही हातांनी घेत आणि घडी घालून खिशात ठेवत.

काकांनी तो वाचला. चौतीस वर्षांची सवय, दोनदा वाचला. ‘सदर इसमाची निळ्या रंगाची लेडीज सायकल राहत्या इमारतीतून गहाळ झाली आहे.’

“इथे ‘चोरीला गेली’ हवं,” ते म्हणाले.

हवालदारांनी त्यांना समजावून सांगितलं. चोरी म्हटली की गुन्हा नोंदवावा लागतो. गुन्ह्याला नंबर पडतो. नंबर पडला की तपास आला, आणि महिन्याच्या बैठकीत मोठे साहेब विचारणार की तपास कुठवर आला. गहाळला यातलं काही लागत नाही, शिक्का लागतो. विमा आहे का? नाही ना. मग दोन्ही कागद सारखेच. चोरी घेऊन काका करणार काय?

आता काकांना हा शब्द चांगला ठाऊक होता. काकू सत्तावीस वर्षं वाचनालयात होत्या. तिथल्या वहीत पुस्तकांपुढे शेरे असत, आणि घरी भाजी निवडताना त्या शेऱ्यांवर चर्चा चाले. पुस्तक फाटलं तर ‘जीर्ण’. कपाटातून कुणी लांबवलं तर ‘चोरी’. वाचकाने घरी नेऊन हरवलं तर ‘गहाळ’. काकूंचं म्हणणं असं की गहाळ हा शब्द कधी एकटा येत नाही, त्याच्यापुढे कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. अकराव्या छत्रीच्या वेळी त्यांनी काकांना ते नाव सांगितलंही होतं.

आणि इथे शिक्क्यासकट लिहिलं होतं, सदर इसमाची. काकूंची सायकल काकांनी हरवली. बारावी छत्री.

हे सगळं हवालदारांना सांगण्यासारखं नव्हतं. काका उठले आणि म्हणाले, “गहाळ या शब्दाला माझी हरकत आहे.” कागद त्यांनी टेबलावर सरळ करून ठेवला आणि निघून गेले. शिक्का मारलेला कागद सोडून जाणारा माणूस हवालदारांनी पहिल्यांदाच पाहिला. तो बघायला त्यांना खुर्ची पार दारापर्यंत वळवावी लागली.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा गेले. हवालदार म्हणाले, सायकल तुमचीच होती याचा पुरावा आणा. काकांना वाटलं, इथे आपण जिंकलो. काकूंच्या फायलीत लग्नपत्रिकेपासून मिक्सरच्या वॉरंटीपर्यंत सगळं होतं. सायकलची बावीस वर्षांपूर्वीची पावती निघाली, प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरासुद्धा न दुमडलेली. ती त्यांनी ऐटीत टेबलावर ठेवली. हवालदारांनी वाचली आणि म्हणाले की पावती बाईंच्या नावावर आहे, तेव्हा मालक बाई. तुम्ही वारस असाल, पण तसा दाखला लागेल.

पावती नसती तर बरं झालं असतं, असं काकूंच्या व्यवस्थितपणाबद्दल काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तळमजल्यावरचे वकील मात्र खुलले. घर, जमीन, दागिने यांचे वारस त्यांनी बरेच केले होते, सायकलचा पहिलाच. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला, त्यात सायकलीला ‘सदरहू चल मिळकत’ असं नाव दिलं, आणि मुलीचं ना-हरकत पत्र मागितलं. मुलगी दूर, दुसऱ्या देशात. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, मी नवी घेऊन देते ना.”

“मला कुठे सायकल चालवायचीय?” काका म्हणाले.

“मग हवंय काय तुम्हाला?”

“चोरी.”

पत्र पाठवते, ती म्हणाली. पत्र चार दिवसांनी आलं. आईच्या सायकलवर आपला कोणताही हक्क नाही, ती वडिलांना मिळण्यास आपली हरकत नाही, असं व्यवस्थित लिहून खाली तिने एक ओळ वाढवली होती: ‘टोपली सापडल्यास मात्र मला हवी.’ वकिलांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मते हे ना-हरकत पत्र राहिलं नाही, यात हरकत आली. टोपलीपुरती वाटणी झाली. दुसरं पत्र मागवा. काकांनी मागवलं नाही. पहिलं मात्र त्यांनी काकूंच्या फायलीत लावलं.

मधल्या काळात मेहुणीचा फोन आला. “भावजी, खरं सांगा, कुठे सोडून तर नाही ना आलात?” एवढंच विचारून तिने फोन ठेवला, पण तो प्रश्न घरात दोन दिवस फिरत राहिला.

कॅमेऱ्याचं शिंपीणबाईंना आठवलं. फाटकावर एक कॅमेरा होता आणि त्याची वर्गणी सगळ्यांनी दिली होती. सेक्रेटरी आधी म्हणाले की तो बंद आहे, मग म्हणाले की रेकॉर्डिंग पुसलं जातं, आणि शेवटी शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी ते दाखवलं. कॅमेरा चालू होता. फक्त तो फाटकाकडे बघत नव्हता, सेक्रेटरींच्या गाडीकडे बघत होता. सगळ्यांनी मिळून सेक्रेटरींची गाडी अडीच तास पाहिली. तिच्यावर एक मांजर चढलं आणि उतरलं. आणि मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक चाक गेलं. मागचं चाक, वर निळा मडगार्ड. दीड सेकंद.

काकांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. चाक मजेत फिरत होतं. हवा भरपूर होती.

चाकाचं चित्रीकरण घेऊन काका नवव्या दिवशी चौकीत गेले. हवालदारांनी ते लक्षपूर्वक पाहिलं आणि म्हणाले की चाक दिसतंय, चोर दिसत नाही. काका म्हणाले, चाक आपणहून जात नाही. हवालदारांनी यावर विचार केला. मग त्यांनी, बहुधा दया येऊन, एक गोष्ट सांगितली: वारस दाखला फिर्यादीला लागतच नाही, सायकल सापडली तर ती परत न्यायला लागतो. फिर्याद कोणीही देऊ शकतो. काकांनी विचारलं की मग आधी का मागितला. हवालदार म्हणाले, “लोक दुसऱ्यांदा येत नाहीत हो काका.”

एवढं बोलून ते उठले आणि काकांना मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे सापडलेल्या, जप्त केलेल्या आणि कुणाच्याच नसलेल्या सायकली एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या होत्या. गवत उगवून चाकांच्या तारांतून वर आलं होतं. काकांनी एकेक करून सगळ्या पाहिल्या. आपली नव्हती. हवालदारांनी एक लाल लेडीज सायकल ओढून काढली, तिची सीट हाताने झटकली आणि आवाज खाली आणून म्हणाले की ही दोन वर्षं पडून आहे, कुणी येणार नाही. काकांनी ओळख पटली म्हणून सही करावी आणि घेऊन जावी. रंगाचं काय, रंग बदलता येतो.

त्यांचा हेतू चांगला होता. काका ते समजले. ते म्हणाले, “ही दुसऱ्या कुणाची तरी आहे.”

हवालदारांनी लाल सायकल पुन्हा गवतात ढकलली. दोघं आत आले. ऊन होतं म्हणून काकांनी निघताना छत्री घ्यायला बाकड्याकडे हात नेला, आणि बाकड्यावर छत्री नव्हती. टेबलाखाली नव्हती. अंगणात नव्हती. हवालदार अवघडले. भर चौकीतून वस्तू जाणं बरं दिसत नव्हतं. ते कागद ओढून घेत म्हणाले, “काका, ही तरी चोरी लिहू का? इथून गेलीय, माझ्यासमोर.”

काका उभ्या उभ्या आठवत राहिले. घरून निघाले तेव्हा हातात होती. बसमध्ये मांडीवर होती. उतरताना त्यांनी चित्रीकरणाचा पेन ड्राइव्ह खिशात आहे का ते चाचपलं होतं, दोन्ही हातांनी.

“नको,” ते म्हणाले. “ही गहाळ. बसमध्ये राहिली.”

हवालदारांनी पेन हातात तसंच धरलं. नंतर ते खुर्चीसकट पूर्ण वळले आणि काकांकडे बराच वेळ बघत राहिले, मानेला त्रास होत असूनही. मग म्हणाले, “बसा.”

ज्या टेबलावर कुणी बसत नसे त्याच्यावरचं कापड काढलं गेलं. खाली संगणक होता. हवालदार दोन बोटांनी टाइप करू लागले. वार, वेळ, चार वाजून दहा मिनिटं, निळा रंग, वेताची टोपली. प्रत्येक शब्द ते मोठ्याने म्हणत आणि काका होकार देत. चिकटपट्टी डाव्या मुठीवर की उजव्या, हेही त्यांनी विचारलं. अर्धं पान झालं.

“कुलूप लावलं होतं ना?”

नऊ दिवसांत हा प्रश्न काकांना सात जणांनी विचारला होता आणि सातही जणांना त्यांनी ‘होतं’ असंच सांगितलं होतं. आता फक्त एकदा आणखी म्हणायचं होतं. म्हटलं की चोरी पक्की. हवालदारांची बोटं ‘होय’वर तयारच होती.

“आठवत नाही,” काका म्हणाले.

बोटं थांबली.

“रविवारी हवा भरली, पुसली, मग फोन आला. कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही. रोज आठवून बघतोय.” त्यांनी टेबलाच्या कडेला हात ठेवला. “आता तुम्हाला गहाळच लिहावं लागेल ना?”

“ते का?”

“माझं लक्ष नव्हतं म्हणून.”

हवालदारांनी चष्मा वर सरकवला. “काका, मी सव्वीस वर्षं हे लिहितोय. कुलूप नव्हतं म्हणून सायकल नेणाऱ्याची झाली, असं एकदाही लिहिलेलं नाही. नेली ती त्याने नेली. त्यात तुमचं लक्ष कुठे आलं?”

 काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण ते बराच वेळ पाहत होते. हवालदार तेवढा वेळ संगणकाशी भांडले. ‘कुलूप’ या रकान्यात ‘होय’ होतं, ‘नाही’ होतं, ‘आठवत नाही’ असा पर्याय कुणी ठेवलेला नव्हता. शेवटी त्यांनी तो रकाना तसाच सोडला आणि खाली ‘इतर माहिती’मध्ये जाऊन टाइप केलं. कागद छापून बाहेर आला तो गरम होता.

काकांनी दोनदा वाचला. ‘सदर सायकलीस कुलूप लावले होते किंवा कसे, हे फिर्यादीस आठवत नाही. सदर सायकल कोणा अज्ञात इसमाने चोरून नेली आहे.’ दोन वाक्यं एकाखाली एक होती आणि एकाने दुसऱ्याची अडवणूक केलेली नव्हती. काकांनी सही केली.

“सापडेल का?” त्यांनी विचारलं.

“खरं सांगू? नाही.”

“बरं,” काका इतक्या मोकळ्या आवाजात म्हणाले की हवालदारांना वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं.

ते उन्हातून चालतच घरी आले. फाटकात सेक्रेटरी गाडी पुसत होते. त्यांनी फडकं थांबवून विचारलं, काय झालं, सापडली का?

“नाही. चोरीला गेली.”

“अरेरे. तरी मी म्हणत होतो, लक्ष...”

“चोरीला गेली,” काकांनी पुन्हा सांगितलं, आणि जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर शिंपीणबाईंनी दार उघडून विचारलं, तेव्हा त्यांनाही सांगितलं. मुलगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली होती त्या दिवशी काकांनी याच जिन्यात, असंच दर मजल्यावर थांबून, सगळ्यांना सांगितलं होतं.